खुली शैक्षणिक साधनं बी.एस्सी.च्या वर्गात: दोन सत्रं वापरल्यानंतर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या विज्ञान महाविद्यालयांत प्राध्यापकांना खुली शैक्षणिक साधनं, म्हणजे परवान्यानुसार वापरता, वाटता येणारी मोफत पुस्तकं, व्हिडिओ, सिम्युलेशन्स, ठाऊक नाहीत असं नाही. एनपीटेलची (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाची) व्हिडिओ व्याख्यानं सगळ्यांनी पाहिलेली असतात. घोळ होतो तो 'फुकट' आणि 'खुलं' एकच समजल्यामुळे. यूट्यूबवर पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणून त्यातल्या आकृत्या आपल्या नोट्समध्ये छापता येतात असं नाही. आधी परवाना बघावा. मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या ओपनस्टॅक्सचं 'युनिव्हर्सिटी फिजिक्स' सीसी बाय 4.0 या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे: श्रेय द्या, बदल केला असेल तर तसं लिहा, मग खुशाल छापा. त्यांच्याच 'कॅल्क्युलस' या पुस्तकाला मात्र व्यापारी वापराची मनाई आहे, त्यामुळे नफा घेऊन झेरॉक्स संच विकता येत नाहीत.

पुस्तक निवडतानाही चूक होते. नाव बघून 'कॉलेज फिजिक्स' उतरवलं जातं. त्यात कलनशास्त्र नाही, बी.एस्सी.ला ते अपुरं पडतं. 'युनिव्हर्सिटी फिजिक्स'चे तीन खंड घ्यावेत. विद्युत-चुंबकत्व आणि उष्मागतिकी दोन्ही दुसऱ्या खंडात आहेत. पुस्तकात उत्तरं फक्त विषम क्रमांकांच्या गणितांची, म्हणून गृहपाठाला सम क्रमांकांची द्यावीत. शिक्षकांसाठीची उत्तरं मिळवायला ओपनस्टॅक्सवरच्या आपल्या खात्याची (अकाउंटची) पडताळणी लागते. कॉलेजचा ईमेल नसेल तर ती रेंगाळते, म्हणून सत्र सुरू होण्याआधीच अर्ज करावा.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो फेट (PhET) या संकेतस्थळावरच्या सर्किट सिम्युलेशनचा, म्हणजे पडद्यावर मंडल जोडून बघायच्या आभासी प्रयोगाचा. फाइल एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घेतली की नेट गेलं तरी ब्राउझरमध्ये चालते. जावातली जुनी सिम्युलेशन्स टाळा, एचटीएमएल5 चीच घ्या. 9 व्होल्टची बॅटरी, 10 ओहमचा रोध: ॲमीटर 0.90 ॲम्पिअर दाखवतो. आता बॅटरीचा अंतर्गत रोध 1 ओहम करा. प्रवाह 0.82 वर येतो, बॅटरीच्या टोकांवरचा विद्युत दाब 8.18 व्होल्टवर. मग प्रत्यक्ष बोर्डावर हाच प्रयोग लावताना काटा कमी का दाखवतो, हे मुलं स्वतःच सांगतात. प्रयोगाला हा पर्याय नव्हे. हात तारांना लागलेच पाहिजेत.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि सायलॅब हे गणिती सॉफ्टवेअर शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल (बोलून शिकवणारे व्हिडिओ) मराठीत ऐकता येतात. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवून थांबत-थांबत करावं. नुसतं लावून बसवलं तर काहीच उतरत नाही.

खरी मेहनत जुळवणीची: विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचं युनिट एका बाजूला, पुस्तकातला प्रकरण क्रमांक दुसऱ्या बाजूला. शिवाय तळोदा-अक्कलकुव्याहून येणाऱ्या, घरी पावरी, भिल्ली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक प्रकरणाच्या 25-30 इंग्रजी संज्ञांचा मराठी अर्थ एका पानावर द्यावा. त्या पानाशिवाय पुस्तक बंदच राहतं.