वजन पाहून बॉक्स घेतला, आत कडप्पा निघाला

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावच्या वाढईकाकांच्या ओसरीवर तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रांगेनं उभे होते. कोणाला शिंगं बसायची बाकी, कोणाला चाकं. त्यांच्या मधोमध माझ्या गाडीतला सबवूफरचा, म्हणजे बेसचा जाड आवाज काढणाऱ्या स्पीकरचा, बॉक्स पालथा पडलेला. काकांनी पटाशीनं मागची फळी उचकली, आत हात घातला आणि बारदान्यात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. काळ्या कडप्प्याची फरशी. बारा बाय दहा इंचाची, इंचभर जाड. काट्यावर ठेवली तर साडेपाच किलोच्या आसपास.

"हे कायले टाकलं बे याच्यात?" काका मलाच विचारत होते.

कायले टाकलं ते मला तेव्हाच कळलं. दुकानात मी तो बॉक्स दोन हातांनी उचलून पाहिला होता आणि "वजनदार आहे" म्हणून खूश झालो होतो.

आमचं गाव आर्णी-दिग्रस पट्ट्यातलं. जानेवारीत कापूस विकला, उधाऱ्या फेडून थोडे पैसे उरले, त्यातून सेकंडहँड पेट्रोल वॅगनआर घेतली. गाडी म्हातारी असली तरी आवाज तरणा पाहिजे, हे माझं खूळ. पुढं लग्नसराई होती. तालुक्याच्या गावी एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं दुकान प्रत्येक तालुक्याला एखादं तरी असणारच.

दुकानदार बोलायला गोड. "भाऊ, हलका माल आपल्याइथं भेटतच नाई. उचलून पाहा. अठरा एमएमचा एमडीएफ हाय." एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेली फळी. मी उचलून पाहिलं. त्यानं स्पीकरचे स्क्रू काढून भोकाची कड दाखवली. कड खरंच पाऊण इंच जाड, आतून एकसारखी, सुबक. माणूस स्वतःहून खोलून दाखवतो म्हटल्यावर आपण काय शंका घेणार? स्पीकर मात्र त्यानं हातातच धरून ठेवला आणि मला आत वाकायला सवड न देता परत बसवून टाकला. हे आता आठवतं.

मग त्यानं आवाज ऐकवला. दुकानाच्या कोपऱ्यात दुसराच एक मोठा बॉक्स होता, घरच्या विजेवर चालणारा. शटर हललं, काचेच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. "हाच बेस तुमच्या गाडीत." कोपऱ्यात ठेवलेला वूफर दोन्ही भिंतींच्या आधारानं मोठा वाजतो, हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त छातीत धडधडलं आणि मी हो म्हटलं.

बारा इंची स्पीकर, त्यावर २००० वॅटचं स्टिकर. अ‍ॅम्प्लिफायर, त्यावर २४०० वॅट. बॉक्स, वायरिंग आणि मजुरी धरून १४,५०० रुपये. ९,००० मोबाइलवरून दिले, तेही दुकानाच्या नव्हे, एका माणसाच्या नावाच्या खात्यावर. बाकी रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, "बिल पायजे असंल तर जीएसटी लागंल, उगीच कायले पैसे वाढवता?" एका चिठ्ठीवर "म्युझिक – १४,५००" एवढं लिहून दिलं. "दोन तास लागतात भाऊ, तवर पोहे खाऊन या." मी तर्री-पोहे खायला गेलो. गाडीत कोणती वायर गेली, कुठं भोक पडलं, यातलं काहीही मी पाहिलं नाही. सगळ्यात मोठी चूक ही. बाकीच्या चुका हिच्याच पोटातल्या.

पहिले पंधरा दिवस मजा वाटली. मग लक्षात आलं की कोणतंही गाणं लावा, बेस एकच सूर काढतो, भों-भों. ढोलकी असो की ताशा, खालून तेच. आवाज वाढवला की स्पीकरचा कागद फडफडायचा आणि मधूनच टक्‌ असा आवाज यायचा. दुकानात फोन केला तर म्हणे, "नवा हाय ना, मोकळा होऊ द्या." मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हात सीटखालची वायर हाताला गरम लागायची, पण उन्हात काय गरम लागत नाही, असं म्हणून तेही सोडून दिलं.

जूनमध्ये उमरखेडकडचं एक लग्न आटोपून परत येत होतो. आई, बायको, दोन पोरं. आर्णीच्या अलीकडं रात्री अकराला टायर बसलं. डिक्की उघडली तर स्टेपनी बॉक्सच्या खाली. ठीक आहे, बॉक्स काढू. पण तो हलेच ना. बाहेरून एकही पट्टी नाही, एकही स्क्रू दिसत नाही. शेवटी एका ढाब्यावरच्या पोऱ्यानं कुठून तरी पेचकस आणला. मोबाइलच्या उजेडात स्पीकर काढला, तर बॉक्सच्या तळातून चार तीन-इंची स्क्रू सरळ खाली ठोकलेले. ते काढले, बॉक्स उचलला, स्टेपनी बाहेर घेतली, तर तीही बसलेली. त्यातला एक स्क्रू पुठ्ठ्याच्या फळीतून आरपार जाऊन टायरमध्ये घुसला होता. चार महिने स्टेपनी मेलेली आणि मला पत्ता नाही. त्या घाईत बॉक्सच्या आत नीट कोण पाहतो. आई रस्त्याच्या कडेला साडीचा पदर डोक्यावर घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, "गाने आयकाचे होते ना तुले?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रीनं गाडी वर घेऊन खालून पाहिली. त्याचं म्हणणं, तुमचं नशीब की स्क्रू टायरमध्येच घुसला. बहुतेक छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. तीन-इंची स्क्रू चार बोटं पुढं पडला असता तर काय झालं असतं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मिस्त्रीनं बॉक्स लोखंडी एल पट्ट्यांनी तात्पुरता कसून दिला, खाली काय आहे ते पाहून. मोकळाही ठेवू नका म्हणाला. जोरात ब्रेक लागला तर तेवढं धूड मागच्या सीटवर बसलेल्याच्या पाठीत येतं.

जुलैत पाऊस लागला आणि बॉक्सचा खालचा काठ फुगला. कारपेटच्या आत बोट दाबलं की भुसा भुरभुरायचा. म्हणून पोळ्याच्या वेळी तो काकांकडं नेला. योगायोगानं नागपूरचा माझा मावसभाऊ पोळ्याला आलेला, तो साउंडचं काम करतो. ओसरीवर बसून त्यानं आणि काकांनी मिळून त्या बॉक्सचं जे पोस्टमॉर्टेम केलं, ते सविस्तर लिहितो.

एमडीएफ होता तो फक्त पुढचा पाट. भोकाची कड दिसते तेवढ्याच जागी अठरा एमएम. बाकीच्या पाच बाजू बारा एमएमच्या पार्टिकल बोर्डच्या. एमडीएफही पाण्यानं फुगतो, पण भुशाचा हा बोर्ड एकदा भिजला की स्क्रूसुद्धा धरत नाही. सांध्यांना डिंक नावालाच, सगळं पिनांवर. सिलिकॉन कुठंच नाही. काकांनी हे उघडण्याआधी भाऊनं दोन परीक्षा केल्या होत्या. बॉक्सला हवा आत-बाहेर जायला एक नळी होती, तिला हातानं बूच देऊन दुसऱ्या हातानं स्पीकरचा कागद मधोमध, अलगद दाबला आणि सोडला. डबा हवाबंद असेल तर कागद सावकाश वर येतो, हवा त्याला धरून ठेवते. आमचा लगेच उसळून वर आला. मग गाणं लावून सांध्याजवळ देवघरातली उदबत्ती फिरवली. ज्या ज्या कोपऱ्याशी हवा निसटत होती, तिथं तिथं धूर थरथरत होता.

"बंद डबा घेतला का पोर्टवाला?" त्यानं विचारलं. मला फरकच माहीत नव्हता. दुकानदार एवढंच म्हणाला होता की नळीवाला बॉक्स बेस बाहेर फेकतो. भाऊनं जे समजावलं ते असं. बंद डब्यात आतली हवाच स्प्रिंगचं काम करते, कागदाला आवरून धरते. आवाज थोडा कमी, पण ढोलकीची थाप थापेसारखी ऐकू येते. जागाही कमी लागते. बारा इंचीला साधारण एक ते सव्वा घनफूट पुरतात. नळीवाला डबा त्याहून मोठा लागतो, साधारण पावणेदोन ते सव्वादोन घनफूट, आणि नळीची लांबी-रुंदी हिशेबानं काढावी लागते. डबा आणि नळी मिळून एका ठरावीक सुरावर घुमतात. तो सूर खाली, म्हणजे सेकंदाला ३५-४० कंपनांच्या, ३५-४० हर्ट्‌झच्या आसपास ठेवला तर मोठा आणि खोल आवाज येतो. त्याच्याखालच्या सुरांना मात्र कागदाला कोणी धरणारं उरत नाही, तो मोकाट हलतो.

आता आमचा डबा. भाऊनं मोजायचा टेप लावला. आतून १७ इंच रुंद, १३ उंच, खोली वर कमी आणि खाली जास्त म्हणून सरासरी ९. तिन्हींचा गुणाकार १९८९, त्याला १७२८ नं भागलं की घनफूट निघतात: १.१५. त्यातून स्पीकरचं मागचं बूड आणि माझा कडप्पा वजा करा, उरला जेमतेम एक घनफूट. म्हणजे माप बंद डब्याचं आणि वर त्याला तीन इंची भोक. नळी म्हणजे दोन इंचाची प्लास्टिकची कड, शोभेपुरती. त्यानं हिशेब केला, तो डबा ६५-७० हर्ट्‌झवर घुमत होता. म्हणून ते एकसुरी भों-भों, म्हणून ती फडफड, म्हणून तो टक्‌ आवाज.

काका हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे लाकडं बी चोरली, हिशोब बी चोरला."

स्पीकरच्या चुंबकावर रबराचं जाड टोपण होतं. ते ओढून काढलं तर आतला चुंबक टोपणाच्या निम्मा, भोवती पोकळी. २००० वॅट हा आकडा स्टिकरपुरता. बघायचा असतो तो आरएमएसचा आकडा, म्हणजे स्पीकर सतत सोसू शकेल तेवढी ताकद, आणि तो आमच्या स्पीकरवर कुठंच नव्हता. अ‍ॅम्पचं खोटं तर त्याच्या फ्यूजनंच पकडून दिलं. २५ अ‍ॅम्पिअरचा एकच फ्यूज. चालू गाडीत बॅटरीला साधारण १४ व्होल्ट मिळतात. पंचवीस चौदे साडेतीनशे. म्हणजे ३५० वॅटच्या वर वीज त्याच्या पोटातच जाऊ शकत नाही, आणि या जातीच्या अ‍ॅम्पमध्ये त्यातलीही निम्म्याच्या आसपास उष्णतेत जाते. २४०० कुठून येणार? पाढे मला येत होते. दुकानात म्हणायचं सुचलं नाही.

वायर चाकूनं खरवडली. वरून तांबूस, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तशी वायर वापरता येते, पण मग तांब्यापेक्षा चांगली जाड घ्यावी लागते. आमची होती करंगळीपेक्षा बारीक, त्यातही निम्मं प्लास्टिकच. बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवा, तो नव्हता. वायर कुठं घासून गाडीच्या पत्र्याला लागली असती तर पूर्ण बॅटरी तिच्यातून वाहिली असती, मध्ये थांबवणारं काही नाही. भाऊनं हे पाहिल्यावर आधी बॉनेट उघडून ती तार काढून टाकली, मगच चहा घेतला.

आम्ही दोघं कडप्पा घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं ओळखच दाखवली नाही. चिठ्ठी दाखवली तर म्हणे, "याच्यावर दुकानाचं नाव कुठी हाय?" मोबाइलवरचा व्यवहार दाखवला तर, "तो माह्या पोऱ्याचा नंबर व्हय, तुम्ही उसने परत केले असान." फरशी टेबलावर ठेवली तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तसा त्याचा सूर उतरला. बदलून देतो म्हणाला आणि आतून दुसरा बॉक्स आणला. मी उचलला. तितकाच जड. म्हटलं, स्पीकर खोला, आत हात घालू द्या. "सील तुटते भाऊ." आम्ही तिथून निघालो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे यवतमाळच्या जिल्हा आयोगातही जाता येतं. दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण जाणार कशाच्या जोरावर? हाती पक्कं बिल नाही, ९,००० चा व्यवहार आहे त्यात कशाचे ते लिहिलेलं नाही. पैसे पाठवताना खाली "बॉक्स, स्पीकर, अ‍ॅम्प" एवढे तीन शब्द टाकले असते तरी काहीतरी हातात राहिलं असतं. बसवतानाचे चार फोटो असते तर आणखी. तरी कागद जमवतोय. ढाब्यावर काढलेला स्टेपनीचा फोटो आहे, मिस्त्रीही लिहून द्यायला तयार आहे.

पोळा झाल्यावर काकांनी अठरा एमएमचा एमडीएफ आणून नवा बंद डबा केला. सगळ्या बाजू एकाच जाडीच्या, सांध्यांना भरपूर डिंक, आतून सिलिकॉनची रेघ, बाहेरून दोन हात वॉर्निश आणि मग कारपेट. मी सगळा वेळ तिथं बसून होतो. आतून सव्वा घनफूट, स्पीकर वजा जाता एकाच्या वर. लाकूड-मजुरी धरून १,८०० रुपये. स्पीकर तोच भिकार आहे, पण आता निदान ढोलकी ढोलकीसारखी ऐकू येते. डबा डिक्कीत आडवा सरकवून पट्ट्यानं कडीला बांधतो, दोन मिनिटांत सुटतो, स्टेपनी मोकळी. बॅटरीजवळ फ्यूज लावला. अ‍ॅम्पसाठी पत्र्याचा रंग खरवडून अर्थिंग पक्कं केलं, तेव्हा स्पीकरमधून येणारी, इंजिनबरोबर वाढणारी शिट्टीही गेली.

कडप्पा आईनं मागून घेतला आणि न्हाणीच्या दारात टाकला. भाऊ म्हणतो, आयोगात जायचं असेल तर पुरावा म्हणून तो परत काढून ठेव. आईला सांगायचं बाकी आहे.