रामेश्वरमला गेलात तर कलाम स्मारकाला वेळ काढाच

मंदिर आणि धनुष्कोडी झालं की बहुतेक जण परतीची गाडी धरतात. तसं करू नका. पेईकरुंबू इथे डॉ. कलामांचं स्मारक आहे. ३० जुलै २०१५ ला त्यांचं दफन इथेच झालं आणि बरोबर दुसऱ्या स्मृतिदिनी, २७ जुलै २०१७ ला हे स्मारक खुलं झालं. बांधलंय डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने. बाहेर अग्नी क्षेपणास्त्राची प्रतिकृती आहे, मुलं तिथून हलत नाहीत.

मला मात्र आतला वीणा वाजवणारा पुतळा सगळ्यात आवडला. मांडीवर आडवी वीणा, तारांवर बोटं, खांद्यापर्यंत आलेले ते ओळखीचे केस. क्षेपणास्त्रांचा माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण फुरसतीत वीणा वाजवणारा, तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ ग्रंथातले दोहे मुखोद्गत असलेला, शाकाहारी, साधं राहणारा हा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. राष्ट्रपती भवनात पाच वर्षं राहूनही त्यांची राहणी बदलली नाही, हे किती मोठं आहे! शिकवण्याची ओढ तर अशी, की शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलतानाच कोसळले.

गावातलं त्यांचं घरही बघा. लहानपणी याच गावात त्यांनी वर्तमानपत्रं वाटली.

सुट्टीच्या दिवशी गर्दी फार, सकाळीच जा. रिक्षावाला घाई करेल, त्याला आधीच सांगून ठेवा. निदान दीड तास हवा. शाळकरी मुलं असतील तर नक्की न्या.