पस्तीस कुंड्यांसाठी १९:१९:१९, वर्षभर वापरून

गेल्या मार्चमध्ये कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ या पाण्यात विरघळणाऱ्या खताचं एक किलोचं पाकीट आणलं. दुकानदारानं सवयीनं विचारलं, “ताई, क्षेत्र किती?” पस्तीस कुंड्या आणि अंगणातली तीनशे चौरस फूट हिरवळ, एवढंच माझं क्षेत्र. आमच्या नाशकात द्राक्षवाल्यांच्या तोंडी ‘एकोणीस-एकोणीस’, ‘झिरो बावन्न चौतीस’ ही खतांची नावं दिवसभर असतात. पण कुंडीला किती द्यायचं, ते पाकिटावर कुठेच नव्हतं. सगळे डोस पिकांचे, एकराच्या नाहीतर फवारणीच्या हिशेबानं.

त्यामुळे पहिल्याच महिन्यात नुकसान झालं. फवारणीसाठी छापलेलं ‘लिटरला पाच ग्रॅम’ हे प्रमाण मी कुंडीत ओतायला वापरलं, तेही एप्रिलच्या दुपारी, माती कोरडी ठाक असताना. तिसऱ्या दिवशी गुलाबाच्या पानांच्या कडा विडीनं डागल्यासारख्या करपल्या आणि मिरचीची दोन रोपं गेली. निफाडला शेती करणारा माझा भाऊ आला, त्यानं आधी कुंडीखालची भोकं मोकळी आहेत का ते बघितलं. मग प्रत्येक कुंडीत साधं पाणी सोडत राहिला, तळातून वाहून जाईपर्यंत, तीन-तीन वेळा. गुलाब वाचले. शेतात जास्तीचं खत खाली-बाजूला पसरायला जागा असते. कुंडीतले क्षार तिथेच मुळांशी साचतात आणि मुळांना पाणी ओढू देत नाहीत.

आता माझं प्रमाण ठरलेलं आहे. लिटरला दोन ग्रॅम, लहान रोपांना एकच. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, आणि आदल्या संध्याकाळी कुंड्या साध्या पाण्यानं भिजवून. चमच्यानं मोजू नका. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा मी घेतला, तो या खताइतकाच गरजेचा आहे. एका फेरीला साडेसतरा लिटर पाणी, म्हणजे पस्तीस ग्रॅम. पावसाळ्यात बंद ठेवलं, वर्षात अठरा फेऱ्या झाल्या, तरी पाकिटात साडेतीनशे ग्रॅमच्या वर शिल्लक आहे. मला ते १८० रुपयांना पडलं होतं. एवढ्या पैशात वर्षभर पुरणारं दुसरं खत मी तरी पाहिलेलं नाही.

विरघळतं मात्र सुंदर. जुन्या स्टीलच्या तांब्यात पावडर टाकून काडीनं ढवळली की तांब्या बाहेरून बोटांना गार लागतो. त्यातला युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. तळाला गाळ नाही, झारीची जाळी एकदाही तुंबली नाही.

फरक सगळ्यात जास्त दिसला गुलाबावर. ऑक्टोबरात छाटणी केल्यावर दहा दिवसांनी पहिला डोस दिला. तांबूस फुटवे भराभर आले आणि डिसेंबरात एका झाडाला एकाच वेळी अकरा फुलं होती. पालक-मेथीलाही चांगलं. मोगऱ्याला मात्र सारखं देऊ नका. माझा मोगरा पानांनी गच्च भरला आणि कळ्या धरेना. कळीच्या दिवसांत नत्र (नायट्रोजन) कमी करून मी ०:५२:३४ वर गेले, लिटरला एक ग्रॅम. यात नत्र शून्य, स्फुरद (फॉस्फरस) ५२ टक्के, पालाश (पोटॅश) ३४. १९:१९:१९ मध्ये तिन्ही सारखी, एकोणीस-एकोणीस टक्के. पाकीट घेताना एवढं वाचलं तरी निम्मं काम होतं.

जास्वंदीची नवी पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. मी भाबडेपणानं १९:१९:१९ वाढवत गेले आणि काही उपयोग झाला नाही. ती लोहाची कमतरता होती. आमची काळी, चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी, त्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन दोनदा पानांवर फवारलं, मग नवी पानं हिरवी आली.

हिरवळीसाठी हे घेऊ नका, परवडत नाही. तिला मुख्यतः नत्र लागतं, आणि ते युरियात ४६ टक्के आहे. तीनशे फुटांना पाव किलो पुरतो. गवत कोरडं असताना अर्धा उभा, अर्धा आडवा फेकायचा आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं. ओल्या पात्यांवर दाणे चिकटले तर तिथे पिवळे चट्टे पडतात.

आणि शेणखत, निंबोळी पेंड बंद करू नका. या पावडरीनं झाडाला जेवण मिळतं, माती भुसभुशीत होत नाही. दर तीन महिन्यांनी कुंडीमागे दोन मुठी शेणखत मी घालतेच.

जुलैत पाकिटाचं तोंड नीट बांधलं नव्हतं, तर आतली पावडर दमट होऊन दगडासारखी झाली. फोडून वापरली, विरघळली सगळी. आता घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते, वर मोठ्या अक्षरांत ‘खत’ लिहून, स्वयंपाकघराबाहेर. दिसायला ती अगदी मिठासारखी आहे आणि घरात लहान मूल आहे.

बनवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: पाव किलोचं पाकीट काढा आणि त्यावर कुंडीचा डोस छापा.