सेंद्रिय नॅनोतारांसाठी अतिनील प्रकाश: पृष्ठभाग टायटॅनियाचा घ्यावा की सिलिकाचा?

कॉपर थॅलोसायनिन किंवा पेंटासीनसारख्या सेंद्रिय रेणूंच्या अतिसूक्ष्म तारा ऑक्साइडच्या पृष्ठभागावर उगवायच्या आहेत, पण वाटेल तिथे नाही, ठरवलेल्या जागीच. यासाठी एक चांगला उपाय म्हणजे वाढ सुरू करण्याआधी मास्कमधून, म्हणजे नक्षी असलेल्या झाकणातून, अतिनील प्रकाश टाकून पृष्ठभागावर नकाशा आखून ठेवणं. उजेड पडलेला भाग आणि अंधारात राहिलेला भाग यांची पृष्ठऊर्जा, म्हणजे इतर पदार्थांना धरून ठेवण्याची ओढ, वेगळी होते आणि रेणू त्या फरकाला प्रतिसाद देतात. खरा प्रश्न पुढचा आहे: हे टायटॅनियम डायऑक्साइडवर (टायटॅनिया) करायचं की सिलिकॉनच्या चकतीवरच्या (वेफर) सिलिकावर, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडवर?

माझं मत आधीच सांगतो. तारांमधून जाणारी वीज मोजायची असेल तर सिलिका. वाढीची प्रक्रिया, रंग किंवा पाणी झटकणारे पृष्ठभाग यांचा अभ्यास असेल तर टायटॅनिया. दिवा आणि मास्क यांची निवड या निर्णयानंतर करावी. बरेच जण हातात असलेल्या दिव्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच गाडी अडते.

टायटॅनियात प्रकाशाचं काम स्वतः ऑक्साइडच करतो. अ‍ॅनाटेज या त्याच्या स्फटिकरूपाची ऊर्जाफट (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचा प्रकाश लागतो. तो शोषला की मोकळे इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिकाम्या जागा (होल) तयार होतात, पृष्ठभागावरचा सेंद्रिय मळ जळून जातो आणि पाणी पसरू लागतं. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली या पदार्थाची प्रकाशात पाण्याचं विघटन करण्याची क्षमता दाखवली. पृष्ठभाग प्रकाशाने पाण्याला इतका आपलासा करतो हे १९९७ साली पुढे आलं. हवेत पडून राहिलेल्या फिल्मवर पाण्याच्या थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; जितका कमी तितकं पाणी पसरतं) ७० अंशांच्या आसपास असू शकतो. पुरेशा प्रकाशानंतर तो जवळजवळ शून्यावर येतो.

याचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी पुरतो. हा प्रकाश साध्या काचेतून जातो, त्यामुळे क्वार्ट्झचा महागडा मास्क लागत नाही. ठळक रेषांसाठी पारदर्शक फिल्मवर छापलेला मास्कही चालतो. मात्र दिवा घेताना आकडा वाचा. ‘यूव्ही’ म्हणून विकले जाणारे अनेक स्वस्त एलईडी ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरचे असतात आणि अ‍ॅनाटेजवर त्यांचा उपयोग जवळपास नाही. फिल्म घरच्या घरी करता येते: टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडचं सोल (सूक्ष्म कणांचं द्रावण), स्पिन कोटिंग (नमुना वेगाने फिरवून पातळ थर देणं), मग फर्नेसमध्ये सुमारे ४५० अंश सेल्सिअस.

आता अडचणी. पहिली, उघड्या टायटॅनियावरचा नकाशा टिकत नाही. अंधारात ठेवला की हवेतले हायड्रोकार्बन पुन्हा चिकटतात आणि फरक पुसट होत जातो, म्हणून प्रकाश टाकल्यावर नमुना लगेच व्हॅक्यूम चेंबरमध्ये जायला हवा. दुसरी, कडा धूसर येतात. प्रकाशात तयार झालेले ऑक्सिडीकारक कण हवेतून मास्कच्या सावलीतही शिरतात. तिसरी मला सर्वांत गंभीर वाटते: टायटॅनिया एन-प्रकारचा अर्धवाहक आहे, म्हणजे त्यातूनही इलेक्ट्रॉन वाहतात. विजेचं मोजमाप करताना तारेतला प्रवाह किती आणि खालच्या थरातला किती, हे वेगळं करणं कठीण जातं. शिवाय नंतर तोच नमुना उन्हात ठेवला तर ज्या गुणाने तारांना जागा दाखवली, तोच गुण तारा खाऊ लागतो.

सिलिकाची ऊर्जाफट सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. इथे ऑक्साइड स्वस्थ बसतो, म्हणून त्यावर ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेनसारख्या सिलेन रेणूंचा, पाणी झटकणारा एकपदरी थर चढवायचा. त्यावर पाण्याचा स्पर्शकोन सुमारे ११० अंश येतो. कमी दाबाच्या पारादिव्याचा १८५ नॅनोमीटरचा प्रकाश ऑक्सिजनपासून ओझोन बनवतो, २५४ चा तो ओझोन फोडतो, आणि दोन्ही मिळून उजेडातला थर जाळून टाकतात. हा नकाशा पक्का: आठवड्याने काढला तरी जागेवर असतो. खाली जाड, निरोधक ऑक्साइड आणि त्याखाली डोप केलेला (अशुद्धी मिसळून वाहक बनवलेला) सिलिकॉन असल्याने तोच नमुना थेट ट्रान्झिस्टर म्हणून मोजता येतो.

किंमत मात्र मोजावी लागते. १८५ नॅनोमीटरसाठी उच्च शुद्धतेच्या क्वार्ट्झचाच मास्क लागतो. ओझोन बाहेर नेणारी व्यवस्था हवी, डोळे आणि त्वचा झाकलेली हवी. आणि सिलेनचा थर ओलाव्याला फार हळवा आहे. मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात कोरड्या नायट्रोजनच्या पेटीशिवाय हा थर गुठळ्या न होता बसवणं अवघड. ती सोय नसेल तर काम हिवाळ्यावर ढकललेलं बरं.

झिंक ऑक्साइडचं नावही निघतं. तोही अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देतो, पण आम्लात विरघळतो आणि तोही अर्धवाहकच. सुरुवात त्याने करू नये.

मधला एक मार्ग आहे आणि तो मला फार आवडतो. टायटॅनियाचा थर नमुन्यावर न देता मास्कवर द्यायचा. मास्क सिलेन चढवलेल्या सिलिकाजवळ धरून ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ऑक्सिडीकारक कण मधली फट ओलांडून खालचा थर जाळतात. स्वस्त दिवाही वापरता येतो आणि निरोधक पायाही मिळतो. फट जितकी कमी, तितकी रेषा स्वच्छ.

दोन्ही मार्गांबद्दल एक अपेक्षा मात्र आवरा. प्रकाश तारांना जागा दाखवतो, दिशा आपोआप देत नाही. बाष्पातून वाढ करताना तारा त्या पट्ट्यात आडव्यातिडव्या येऊ शकतात. सगळ्या एकाच दिशेने हव्या असतील तर द्रावणातून वाढ करा: पाणी धरणारे अरुंद पट्टे आखा आणि द्रावणाची कड पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने सरकवत सुकवा.

तुमचा रेणू उजेडातला भाग पसंत करेल की अंधारातला, हे रेणूवर, तापमानावर आणि निक्षेपणाच्या (रेणू पृष्ठभागावर बसण्याच्या) वेगावर ठरतं. म्हणून मास्क बनवून घेण्याआधी एक तुकडा घ्या, अर्धा अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका, प्रकाश टाका. तशाच दुसऱ्या तुकड्यावर दोन्ही बाजूंना पाण्याचा थेंब ठेवून कोन बघा, कारण पाणी लागलेला तुकडा वाढीला वापरायचा नाही. मग पहिल्या तुकड्यावर तारा वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली फॉइलची सीमारेषा शोधा. ती दिसली तरच मास्कची ऑर्डर द्या.