३२-बिट झकास, पण पॉवरचं सॉकेट? उसाच्या हंगामभर वापरल्यावर

माईकचे सहा एक्सएलआर इनपुट, ३२-बिट फ्लोट (लेव्हल चुकली तरी आवाज नंतर सावरता येतो असं रेकॉर्डिंग), टाइमकोड (कॅमेऱ्याशी आवाज जुळवायचं घड्याळ), शूटिंगवर आवाज घ्यायचा, पिशवीत बसणारा रेकॉर्डर. कुठला ते ओळखलं असेलच. नाव लिहीत नाही, सर्व्हिस सेंटरशी अजून मेलामेली चालू आहे. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती परत उगाळत नाही. दिवाळीआधी घेतला, उसाचा अख्खा हंगाम आणि वर उन्हाळा काढला.

पहिलं सॉकेट. एवढ्या महागाच्या मशीनला बाहेरची पॉवर घ्यायला काय दिलंय, तर घरातल्या राऊटरला असतं तसलं गोल पिनचं सॉकेट. लॉक नाही, काही नाही. हिरोसेचा चार पिनचा कनेक्टर या धंद्यात कितीतरी वर्षं आहे. ढकलला की अडकतो, कॉलर मागं ओढल्याशिवाय सुटत नाही. तो बसवायला असा किती खर्च आला असता? टेबलावर रेकॉर्डर ठेवून काम करणाऱ्याला हे कळणार नाही. इथं पिशवी गळ्यात असते, खाली वायरलेसचे रिसीव्हर, बाजूला बॅटरी, आणि वाकलं की पिन अर्धा मिलिमीटर सरकते. तेवढं पुरतं.

पन्हाळ्यावर तेच झालं. मास्टर शॉट, दोन कॅमेरे, वारा सुटलेला, आणि टेक संपता संपता स्क्रीन काळी. आतले पेन्सिल सेल फँटम पॉवरच्या, म्हणजे रेकॉर्डरनं माईकला पुरवायच्या, ४८ व्होल्टांनी आधीच चाटून खाल्ले होते. परत चालू केल्यावर फाइल बरीचशी वाचली, शेवटचं वाक्य गेलं. टाइमकोड पुन्हा जॅम करण्यात, म्हणजे कॅमेऱ्यांशी जुळवण्यात, आणखी वेळ. त्यावर असिस्टंट डायरेक्टरचं ठरलेलं उत्तर, ‘डबिंगमध्ये बघू.’ याच कोल्हापुरात प्रभातनं १९३२ साली बोलपट काढला. प्लेबॅक नव्हता, नट कॅमेऱ्यापुढं गायचा ते तसंच रेकॉर्ड व्हायचं. त्या गावात आज उठसूट डबिंग! असो.

सर्व्हिस सेंटरनं फोटो मागवले, मशीन मागवलं, कुरिअरचा खर्च माझा. मग उत्तर आलं, सॉकेट ढिलं होणं ‘फिजिकल डॅमेज’मध्ये येतं, वॉरंटीत नाही. सुटं सॉकेट मिळत नाही, अख्खा पॉवर बोर्ड बदलावा लागेल, साडेअकरा हजार. आणि नव्या बोर्डावर सॉकेट कसलं? तेच.

मशीन परत मागवलं आणि थेट शिवाजी उद्यमनगर गाठलं. लेथवाल्या मामांनी रेकॉर्डर उलटापालटा करून बघितला.

‘ह्यो डबा केवढ्याचा?’

सांगितलं.

‘आनि एवढ्या पैशात साधा क्लॅम्प न्हाई दिला व्हय?’

पट्टा अडकवायच्या स्क्रूवर बसणारी अॅल्युमिनियमची पट्टी त्यांनी काढून दिली. पुढं खाच, त्यात काटकोनी पिनची मान दाबून बसते. बॉडी उघडावी लागली नाही, भोकही पाडलं नाही. साडेतीनशे रुपये, वर चहा त्यांचाच. त्यानंतर पॉवर गेलेली नाही.

आता ३२-बिटबद्दल. ही आळशांची सोय, गेन, म्हणजे माईकची पातळी, धरता येत नाही त्यांच्यासाठी, असं माझं मत होतं. कुस्तीच्या तालमीतल्या एका सीननं ते बदललं. वस्ताद पोराच्या कानाशी कुजबुजतो आणि पुढच्याच क्षणी अंगावर ओरडतो. तालमीत नट असा काही ओरडला की पत्रा हादरला. रिहर्सलमध्ये त्यानं निम्मासुद्धा आवाज काढला नव्हता, नट काढतच नाहीत. बूमचा, म्हणजे काठीवरच्या माईकचा, ट्रॅक शून्याच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, वर गेलेला, वेव्हफॉर्म वरून सपाट. लेव्हल खाली ओढली आणि सगळी शिखरं जागेवर! बूमवरचा एमकेएच ४१६ हा १३० डेसिबलपर्यंत झेलणारा माईक, त्यामुळं मुळात आवाज फाटलाच नव्हता.

पण त्याच टेकचा लेपलचा, म्हणजे नटाच्या कपड्यात लपवलेल्या छोट्या वायरलेस माईकचा, ट्रॅक वाया. कारण तो आवाज नटाच्या अंगावरच्या ट्रान्समीटरमध्येच कापला गेला होता, रेकॉर्डरपर्यंत पोचला तो फाटूनच. तेव्हा ‘आता गेन बघायला नको’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ट्रान्समीटरचा गेन बघावाच लागतो.

फाइलचाही विचार करा. ४८ किलोहर्ट्झला ३२-बिटचा एक ट्रॅक मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी खातो, २४-बिटचा साडेआठ. सहा सुटे आणि मिक्सचे दोन, असे आठ ट्रॅक तासभर चालले की साडेपाच जीबी. मालिकेच्या युनिटमध्ये रोल झाल्यावर कुणी लवकर कट म्हणत नाही, त्यामुळं हिशेब फुगतो. शिवाय एडिटरला मीटर लाल दिसला की रात्री फोन येतो, ‘ऑडिओ फाटलाय.’ म्हणून मी त्याला मिक्स २४-बिटमध्ये काढून देतो, सुटे ट्रॅक ३२-बिटमध्येच ठेवतो, आणि साउंड रिपोर्टवर तसं ठळक लिहितो.

प्रीअँप, म्हणजे माईकचा सिग्नल वाढवणारे भाग, शांत आहेत, एकदम शांत. इतके की मोरेवाडीला चित्रनगरीत वाड्याचा सीन चालू असताना नटाच्या पायातल्या नव्या चपलेची करकर संवादापेक्षा स्वच्छ आली. क्लोजअपला आता चपला काढायलाच लावतो. कोल्हापुरी साज घातलेली नटी असेल तर लेपल साजाच्या वर, पदराच्या काठात. फेटा असला तर सोन्याहून पिवळं, कपाळाशी माईक लपवला की कापडाची खसखस नाही.

उसाच्या ट्रॅक्टरवर मात्र उपाय नाही. इंजिनाची घरघर ८० हर्ट्झच्या लो-कटनं, म्हणजे त्याखालचे आवाज कापणाऱ्या फिल्टरनं, बरीच खाली जाते. ट्रॉलीच्या पुढं लावलेल्या स्पीकरवरचं गाणं कुठल्या फिल्टरनं काढणार? प्रॉडक्शनच्या पोराला रस्त्यावर उभं करायचं आणि ड्रायव्हरला तंबाखू मळेपर्यंत थांबवायचं.

स्क्रीन उन्हात दिसत नाही, हेडफोनचा आवाज पुरेसा आहे, मेनू ठीक.

घ्यावा का? माझ्या बजेटात दुसरा नव्हता, आजही हाच घेईन. फक्त बिलाच्या दिवशीच काटकोनी पिनची केबल घ्या. मामांनी पट्ट्या दोन केल्यात, एक माझ्याकडं पडून आहे. साडेतीनशेलाच देईन, येऊन घेऊन जायची.