हँडल फिरवायचा रेडिओ घ्यावा की पेन्सिल सेलचा?

ऑनलाइन दुकानात ‘इमर्जन्सी रेडिओ’ शोधलं की बहुतेक एकाच घाटाचे संच समोर येतात. लाल किंवा खाकी रंग, पाठीवर सौरपट्टी, बाजूला फिरवायचं हँडल, पुढे टॉर्च आणि मोबाइल चार्ज करायला यूएसबीचं भोक. पावसाळा तोंडावर आला की कोकणातली घरं आणि ट्रेकचे गट असे संच मागवतात. आमचं मत आधीच सांगतो. महाराष्ट्रात किंवा गोव्यात वापरायचा असेल तर हँडल आणि सौरपट्टी या दुय्यम गोष्टी आहेत. मीडियम वेव्ह (रेडिओवर ‘एमडब्ल्यू’ किंवा ‘एएम’ असं लिहिलेला आकाशवाणीचा जुना पट्टा) नीट पकडणारा आणि गावातल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारा साधा रेडिओ जास्त कामाला येतो, आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतो.

मोबाइल असताना रेडिओ कशाला, हा प्रश्न ३ जून २०२० नंतर कोकणात तरी कुणी विचारू नये. निसर्ग वादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनारपट्टीवर विजेचे खांब आडवे केले आणि मोबाइलचे टॉवरही बंद पडले. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण पुरात बुडालं. टॉवरला वीज मिळेनाशी झाली की तो बॅटरीवर आणि डिझेलवर काही तास तग धरतो. रस्ता बंद असेल तर डिझेल पोहोचत नाही. मोबाइलमधलं रेडिओचं ॲप इंटरनेटवर चालतं, त्यामुळे टॉवरबरोबर तेही गेलं. ज्या फोनमध्ये खरी एफएम चिप आहे त्यालाही वायरचा इअरफोन लागतो, कारण ती वायरच ॲन्टेनाचं काम करते. हल्लीच्या कित्येक फोनांना तसा इअरफोन लावायला जागाच नसते.

रेडिओ घेताना पहिला प्रश्न बॅटरीचा नाही, बँडचा, म्हणजे रेडिओ कोणत्या लहरींचा पट्टा पकडतो याचा आहे. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. गडाच्या माथ्यावर दूरदूरची एफएम स्टेशनं खणखणीत लागतात, पण तोच रेडिओ घेऊन पायथ्याच्या वाडीत उतरलात की मध्ये डोंगर येतो आणि नुसती खरखर उरते. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून जातात. शक्तिशाली केंद्र दिवसासुद्धा शंभर किलोमीटरवर सहज ऐकू येतं आणि रात्री तर शेकडो किलोमीटरवरची केंद्रं मिळतात. सह्याद्रीच्या खोऱ्यांत आणि कोकणातल्या खोलगट गावांत हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून ‘एफएम रेडिओ विथ ब्लूटूथ’ असं लिहिलेले, मेमरी कार्डवरून गाणी वाजवणारे छोटे डबे या कामासाठी बाद समजा. त्यांतल्या बहुतेकांत मीडियम वेव्ह नसतोच.

मीडियम वेव्हच्या पट्ट्यावर आकाशवाणीची जुनी ओळखीची ठिकाणं अशी: मुंबई १०४४ आणि ५५८ किलोहर्ट्झ, पुणे ७९२, नागपूर ५८५, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७. मात्र गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने अनेक जुने मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद करून एफएमवर भर दिला आहे. त्यामुळे कोणत्याही छापील यादीवर विसंबू नका. जिथे रेडिओ वापरणार आहात त्या गावात, सकाळी सातच्या सुमारास प्रादेशिक बातम्यांच्या वेळी आणि पुन्हा अंधार पडल्यावर, कोणाचा तरी रेडिओ मागून पूर्ण पट्टा फिरवून पाहा. जी दोन-तीन स्टेशनं दिवसाही स्वच्छ लागतात त्यांचे आकडे मार्करने रेडिओच्या पाठीवर लिहून ठेवा. हवामान विभागाचे इशारे बातम्यांत येतात. वीज गेलेल्या घरात टॉर्च धरून काटा शोधत बसायची वेळ येऊ नये. शॉर्टवेव्हसाठी, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं पकडणाऱ्या बँडसाठी, जास्त पैसे मोजायचं कारण आता फारसं उरलेलं नाही. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवासुद्धा जानेवारी २०२० अखेर बंद झाली.

आयात केलेला डिजिटल संच असेल तर एक गोष्ट हमखास तपासा. भारतात मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, अमेरिकेत १० च्या. संच अमेरिकेच्या मापावर अडकलेला असेल तर तो ७९० वर थांबतो आणि मग थेट ८०० वर जातो, मधलं ७९२ त्याला नेमकं लावताच येत नाही. स्टेशन लागतं, पण फाटक्या आवाजात. चांगल्या संचात ९ आणि १० मध्ये बदल करायची सोय असते. काट्याच्या साध्या रेडिओला हा प्रश्नच नाही.

दुसरी फसगत ‘वेदर बँड’ची. हे संच मूळ अमेरिकेतल्या नोआ या हवामान सेवेसाठी बनवलेले असतात. ती १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर सात चॅनेलांतून चोवीस तास हवामान सांगते, आणि इशारा आला की संच आपोआप वाजू लागतो. टेक्सास किंवा फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने असा संच जरूर घ्यावा. तिथे तो जीव वाचवणारी वस्तू आहे. भारतात त्या लहरींवर अशी सेवा नाही. इथे ते बटण दाबलं की फक्त सूंऽऽ असा आवाज येतो आणि माणसाला वाटतं रेडिओ बिघडला. पुण्या-मुंबईत बसून या सोयीचे पैसे देऊ नका.

आता हँडलचं गणित. छोट्या हँडलमधून सतत फिरवून फार तर दोन वॅट मिळतात असं धरू. मिनिटभर फिरवलं तर १२० ज्यूल. त्यातलं काही चार्जिंगमध्ये वाया जातं. मध्यम आवाजात वाजणारा छोटा रेडिओ सुमारे ०.२ वॅट घेतो, म्हणजे एका मिनिटाच्या कष्टात सात-आठ मिनिटं बातम्या मिळतात. हे वाईट नाही, शेवटचा आधार म्हणून चांगलंच आहे. पण मोबाइल? ५००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. दोन वॅटने ती भरायला काहीही वाया न जाता साडेनऊ तास हँडल फिरवावं लागेल. जाहिरातीतला ‘हँडल फिरवा, फोन चार्ज करा’ हा दावा प्रत्यक्षात एक छोटा फोन करण्यापुरताच खरा ठरतो. फोनसाठी वेगळी पॉवर बँक ठेवा.

सौरपट्टीचंही तसंच. तळहाताहून लहान पट्टी कडक उन्हात साधारण ०.३ वॅट देते. आतला सेल २००० एमएएचचा असेल तर त्यात ७.४ वॅट-तास मावतात. तो भरायला कडक उन्हाचे २५ तास, म्हणजे उन्हाळ्यातले चार-पाच दिवस लागतील. आणि आपल्याकडे वीज जाते ती जून ते सप्टेंबरात, ढगाखाली. शिवाय पट्टीला ऊन मिळावं म्हणून रेडिओ तासन्‌तास तापत ठेवला की आतला लिथियम सेल लवकर खराब होतो.

या संचांची खरी दुखणी आणखी खोल असतात. हँडलची गिअर प्लास्टिकची असतात. जोरात, झटके देत फिरवलं की दात झिजतात, मग हँडल नुसतं घरंगळतं. दुमडून बसणाऱ्या हँडलची बिजागरी दुसरी कमकुवत जागा. पण सर्वांत जास्त संच मरतात ते न वापरल्याने. आतला सेल कपाटात सहा-आठ महिने पडून पूर्ण रिकामा होतो, संरक्षक सर्किट त्याला बंद करून टाकतं, आणि वादळाच्या दिवशी हँडल कितीही फिरवलं तरी दिवा लागत नाही. असा संच घ्यायचाच असेल तर तीन अटी पाळा. आतला सेल काढून बदलता यायला हवा. पेन्सिल सेल घालायलाही वेगळा कप्पा हवा. आणि मीडियम वेव्ह हवा. या अटींत बसणारे संच कमी आहेत.

मग घ्यावा काय? घरासाठी फिलिप्स किंवा सोनीचा काट्याचा, एफएम आणि मीडियम वेव्ह असलेला साधा संच पुरेसा आहे. हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो. दोन पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर खिशात मावतो. छोटा रेडिओ हळू आवाजात साधारण ४० मिलिॲम्पियर ओढतो. चांगल्या अल्कलाइन जोडीवर तो पन्नास तासांच्या आसपास चालतो, म्हणजे दिवसाला तीन तास धरले तर दोन आठवडे. साध्या स्वस्त झिंक-कार्बन सेलवर याच्या निम्म्याहून कमी धरा. टॉर्चचे मोठे सेल घेणारा संच असेल तर वजन वाढतं, पण शंभर तासांची मजल मारतो आणि आवाजही मोठा, त्यामुळे ओसरीवर आठ-दहा माणसांना एकत्र ऐकता येतं. वाडीसाठी असाच घ्यावा.

ट्रेक आणि प्रवासासाठी थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर टेकसन पीएल-३१०ईटी हा आमच्या पसंतीचा संच आहे. तीन पेन्सिल सेल, एफएम, मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह. ९ आणि १० ची अदलाबदल होते. पडद्यावर सिग्नल किती आणि खरखरीच्या वर तो किती उठतो आहे, असे दोन आकडे दिसतात. रेडिओ हातात धरून हळूहळू गोल फिरा, दुसरा आकडा वाढेल त्या दिशेला थांबा. मीडियम वेव्हची ॲन्टेना म्हणजे बाहेरची लांब दांडी नव्हे, ती आतली आडवी फेराइट दांडी असते. तिचं टोक प्रक्षेपकाकडे झालं की आवाज पडतो, कूस झाली की वाढतो. बाहेरची दांडी ओढून वर करण्यात मीडियम वेव्हला काही फायदा नाही. ईटीएम नावाच्या बटणाने संच स्वतः पट्टा चाळून त्या जागी लागणारी स्टेशनं तात्पुरती साठवतो. रोज मुक्काम बदलणाऱ्याला हे फार सोयीचं. उणीव सांगायची तर सिग्नल क्षीण झाला की हा संच आवाज आपोआप दाबतो, त्यामुळे जे शब्द साध्या रेडिओवर खरखरीतून ओळखू येतात ते इथे कधी कधी गडप होतात. किंमतही साध्या संचाच्या चार-पाच पट, आणि दुरुस्तीला गावात कुणी हात लावणार नाही.

बाओफेंगचा वॉकीटॉकी हा इमर्जन्सी रेडिओ नव्हे. लोकप्रिय यूव्ही-५आरवर एफएम ऐकू येतो, पण मीडियम वेव्ह नाही, आणि परवान्याशिवाय त्यावरून बोलणं बेकायदा आहे.

दुकानात तपासताना आत, ट्यूबलाइटखाली तपासू नका. एलईडी बल्ब आणि चार्जर मीडियम वेव्हवर भयंकर गुणगुण करतात, त्यात चांगला संचही नापास वाटतो. दारात या, चार्जरची वायर काढून सेलवर लावा. आवाजाचं चाक सावकाश शून्यापासून टोकापर्यंत फिरवा, मध्ये कुठे खर्रर्र झालं तर दुसरा नग मागा. सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा दाबून बघा, त्या परत उसळल्या पाहिजेत. दांडी पूर्ण बाहेर काढून मुळाशी हलवा. तिथला स्क्रू ढिला असेल तर महिन्याभरात एफएम जाणार. घरात इन्व्हर्टर असेल तर हीच गुणगुण वीज गेल्यावर इन्व्हर्टरमधून येईल. रेडिओ त्यापासून दूर, खिडकीपाशी न्या.

गडावर मीडियम वेव्हचा आणखी एक उपयोग आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पट्ट्याच्या खालच्या टोकाला, जिथे कोणतं स्टेशन नाही अशी जागा लावा. आकाश वर निरभ्र असलं तरी लांबच्या विजेची प्रत्येक कडकड तिथे ‘चर्र’ अशी ऐकू येते. अधूनमधून असेल तर लक्ष ठेवा. दर काही सेकंदांनी आणि जोरात येऊ लागली तर माथा, कडा आणि एकटं झाड सोडून खाली उतरायला लागा. वीज किती लांब आहे हे यातून कळत नाही, पण ढग दिसायच्या आधी इशारा मिळतो.

पावसात रेडिओ जाड झिपच्या पिशवीत तसाच वाजवा, आवाज आणि लहरी दोन्ही आरपार जातात. स्टीलच्या डब्यात मात्र काही लागणार नाही. एरवी ठेवताना सेल रेडिओत राहू देऊ नका. झिंक-कार्बन सेल विशेषतः फुटतात आणि स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा थर बसतो. अल्कलाइन सेल फुटला असेल तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसा, झिंक-कार्बनचा असेल तर खायच्या सोड्याची पेस्ट, मग कोरडं फडकं. सॅकमध्ये नेताना सेल आतच हवे असतील तर सेल आणि पत्रा यांच्यात कागदाची पट्टी सरकवा, म्हणजे बटण दाबलं गेलं तरी रेडिओ चालू होणार नाही. चार्ज होणारे सेल वापरणार असाल तर पडून राहिल्यावर कमी उतरणारे निकेल-मेटल हायड्राइड घ्या आणि मेअखेरीस एकदा पूर्ण भरा. त्याच दिवशी एक न उघडलेलं अल्कलाइनचं पाकीट रेडिओला रबराने बांधून ठेवा. त्यावरची वापरायची मुदत पुढच्या पावसाळ्यापलीकडची असावी.