गर्ल्स ज्युनियर की विमेन्स अमॅच्युअर? एका उन्हाळ्याचा हिशेब

मुलगी पंधरा-सोळाची, गोल्फ खेळणारी, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) भराभर खाली आलेला, आणि घरात एकच वाद: या उन्हाळ्यात यूएस गर्ल्स ज्युनियर या मुलींच्या स्पर्धेच्या मागे लागायचं की यूएस विमेन्स अमॅच्युअर या हौशी, म्हणजे व्यावसायिक नसलेल्या, महिलांच्या स्पर्धेच्या? नियमाने दोन्ही खेळता येतात. पण न्यू जर्सी काय, कॅलिफोर्निया काय, नोकरदार मराठी घरात रजा मोजक्याच असतात आणि सुट्टीत विमानाची तिकिटं कडाडलेली असतात. तेव्हा जोर एकीवरच द्यावा लागतो. माझं मत आधीच सांगून टाकते: बहुतेक मुलींनी आधी ज्युनियर खेळावी.

कारण साधं आहे, वय. ज्युनियरसाठी अंतिम सामन्याच्या दिवसापर्यंत एकोणिसावा वाढदिवस झालेला चालत नाही. विमेन्स अमॅच्युअरला वयाची वरची मर्यादाच नाही. न्यू जर्सीतल्या होमडेलची भारतीय वंशाची मेघा गन्ने 2021 मध्ये, सतरा वर्षांची असताना, यूएस विमेन्स ओपनच्या, म्हणजे व्यावसायिक खेळाडूही खेळतात त्या मोठ्या स्पर्धेच्या, पहिल्या दिवसअखेर संयुक्त आघाडीवर होती. विमेन्स अमॅच्युअर मात्र तिने जिंकली 2025 मध्ये, एकविसाव्या वर्षी, ओरेगनमधल्या बँडन ड्यून्सवर. तोवर ज्युनियरचं दार तिला कधीच बंद झालं होतं.

दोन्ही स्पर्धा यूएसजीए या अमेरिकी गोल्फ संघटनेच्याच, त्यामुळे साचा जवळपास एक. आधी पात्रता फेरी. तिथून मुख्य स्पर्धेत 156 जणी. सोमवार-मंगळवार दोन दिवस स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटक्यांची मोजणी, त्यातून पहिल्या 64 पुढे, मग बुधवारपासून मॅच प्ले, म्हणजे समोरासमोर एकेक होल जिंकत खेळायचं: हरलात की सामान आवरायचं. जिंकायला सलग सहा सामने काढावे लागतात आणि अंतिम सामना 36 होलचा. गुरुवारी दोन्हीकडे दिवसात दोन सामने येतात. फरक पडतो शुक्रवारी. ज्युनियरमध्ये उपांत्यपूर्व आणि उपांत्य दोन्ही त्याच दिवशी उरकतात आणि शनिवारी फायनल. विमेन्स अमॅच्युअरमध्ये उपांत्य फेरी वेगळी, शनिवारी होते आणि फायनल रविवारी. म्हणजे लहान मुलींच्याच पायांची जास्त परीक्षा! हे वेळापत्रक मला तरी उलटं वाटतं, पण तयारी करायची ती हे धरूनच. जुलैच्या उन्हात लागोपाठ दोन दिवस 36-36 होल चालायचा सराव नसेल, तर नुसत्या चांगल्या पटिंगवर (होलजवळच्या हलक्या फटक्यांवर) भागत नाही.

समोर कोण उभी राहील, हा खरा प्रश्न. विमेन्स अमॅच्युअरमध्ये कॉलेजच्या संघांतल्या विशी-बाविशीच्या मुली असतात, आठवड्याला स्पर्धा खेळून तावूनसुलाखून निघालेल्या. म्हणून सोळाची मुलगी तिथे हरतेच असं नाही. अमेरिकेच्या रोझ झँगने तर क्रमच उलटा केला. 2020 मध्ये सतराव्या वर्षी विमेन्स अमॅच्युअर, मग 2021 मध्ये ज्युनियर. आधी मोठी आणि नंतर छोटी जिंकणारी ती पहिलीच. फिलिपिन्सच्या रियान मालिक्सीने 2024 मध्ये एकाच उन्हाळ्यात दोन्ही जिंकल्या, तेही दोन्ही अंतिम सामन्यांत अमेरिकेच्या त्याच ॲस्टरिस्क टॅलीला हरवून. ज्युनियरची फायनल 8 आणि 7, म्हणजे सात होल शिल्लक असताना आठने पुढे. तीन आठवड्यांनी तीच लढत 3 आणि 2 वर आली. टॅली तेव्हा पंधराची होती. ही नावं घरच्या वादात पुरावा म्हणून हमखास पुढे येतात. पण एका वर्षात दोन्ही जिंकणं मालिक्सीआधी फक्त कोरियाच्या सोंग अनजोंगला, 2016 मध्ये, जमलं होतं. अपवादावर घराचं बजेट बसवू नये.

बक्षिसाच्या बाजूने पाहिलं तर विमेन्स अमॅच्युअरचं पारडं जड. पुढच्या यूएस विमेन्स ओपनमध्ये थेट प्रवेश दोन्ही विजेत्यांना मिळतो, पण मोठ्या स्पर्धेची विजेती अमॅच्युअर राहिली तर ब्रिटनच्या विमेन्स ओपनसह आणखी काही मेजरची, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांची, दारं उघडतात. मानही मोठा, कारण ती 1895 पासूनची आणि ज्युनियर 1949 ची. ज्युनियरच्या चषकाला नाव आहे ग्लेना कॉलेट व्हेअरचं, जिने विमेन्स अमॅच्युअर सहा वेळा जिंकली. ज्युनियरच्या विजेत्यांची यादीही काही कमी नाही, पुढे व्यावसायिक गोल्फमध्ये नाव काढलेल्या मुली त्यात आहेत: नॅन्सी लोपेझ, इनबी पार्क, आरिया जुतानुगार्न, मिंजी ली.

कॉलेजचा विचार असेल तर ज्युनियर आणखी सोयीची. डिव्हिजन वनचे, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातले, प्रशिक्षक दहावी इयत्ता संपल्यानंतरच्या 15 जूनपासून मुलीशी थेट बोलू शकतात, आणि स्पर्धा येते लगेच जुलैत. कॉलेजला हव्या असलेल्या वयाच्या मुली एकाच कोर्सवर त्यांना आणखी कुठे मिळणार? विमेन्स अमॅच्युअर ऑगस्टमध्ये, म्हणजे काही राज्यांत शाळा उघडायच्या तोंडावर.

माझा सल्ला दोन प्रसंगी बदलेल. मुलगी अठराची होऊन गेली असेल आणि ज्युनियरच्या तारखांच्या आधीच एकोणिसावा वाढदिवस येत असेल, तर प्रश्नच मिटला. किंवा ती आत्ताच कॉलेजच्या मुलींबरोबर खेळून त्यांना हरवत असेल, तर मोठीच धरा.

बाकीच्यांनी ज्युनियरचा अर्ज आधी भरावा. हँडिकॅपची यंदाची अट अर्जावरच वाचा, मागच्या वर्षीची कुणा ओळखीच्याकडून ऐकून बसू नका. आणि पात्रता फेरीआधी क्लबातल्या एखाद्या मोठ्या मुलीशी चार-पाच वेळा मॅच प्ले खेळून घ्या. स्ट्रोक प्लेमध्ये एका होलवर आठ फटके गेले की कार्ड बिघडतं, मॅच प्लेमध्ये जातो तो एकच होल. हे पहिल्यांदा कळायला स्पर्धेतला बुधवार उजाडायला नको.